पाकिटाची मागची बाजू

पांढऱ्या फोमच्या जाळीतून पिवळी साल दिसत होती, आणि तिच्यावरच्या पांढऱ्या रेषा मालिनीचं बोट आपोआप मोजायला लागलं — इल, ई, साम, सा... कोरियन आकडे पाचाच्या पुढे तिला कधी नीट आलेच नाहीत. पुढचे तिची लेक अंतरा मोजायची, ट्रॉलीच्या सीटवर पाय हलवत, बालवाडीतल्या बाईंच्या हेलात. मुठीएवढं खरबूज. तिकडे, कोरियात, त्याला चामे म्हणतात. अंतरा ते बियांसकट खायची आणि रस कोपरापर्यंत ओघळायचा. आता ती सोळा वर्षांची आहे, बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसली आहे, आणि काल दुपारपासून तिच्या पोटात अर्धं सफरचंद आणि काळी कॉफी एवढंच गेलं आहे. मालिनीला हे माहीत आहे, कारण मालिनीला हल्ली दुसरं काही माहीतच नसतं.

अंतराचं खाणं सुटल्याला सात महिने झाले. आणि काल जेवणाच्या टेबलावर — पोळीचे एकसारखे तुकडे करून ताटात गोलाकार मांडून झाल्यावर — अंतरा एकदम म्हणाली, "रिमेंबर दॅट यलो मेलन, आई? इन सुवॉन?" बस, एवढंच. सात महिन्यांत एका खाण्याच्या वस्तूचं नाव तिनं आपणहून घेतलं होतं. मालिनीच्या नवऱ्यानं, सत्यजितनं, टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, म्हणजे गप्प राहा. पण रात्रभर तिच्या डोक्यात तो पिवळा रंग होता, आणि सकाळी कोरियन दुकान उघडायच्या आधीच ती दारात हजर होती. अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, पण या दुकानाची पायरी ती क्वचित चढली होती. का, ते तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

फोन वाजला. सत्यजित ऑफिसमध्ये होता, शनिवार असूनही. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या लोकांना शनिवार नसतो, तिकडे कोरियातही नव्हता.

"मिळालं का?"

"मिळालंय. सहाचा बॉक्स आहे."

"अंतरा आहे ना बरोबर?"

"गाडीत आहे. आत येत नाही म्हणाली. उचलून आणू का?"

"चिडू नकोस यार. फक्त फोर्स करू नकोस. डाएटिशियन काय म्हणाली ते..."

डाएटिशियन काय म्हणाली ते मालिनीला पाठ होतं. तिच्या ताटाकडे बघायचं नाही. खाल्लंस का विचारायचं नाही, छान खाल्लंस असंही म्हणायचं नाही. घरात कुणी पाकिटं उलटून वाचायची नाहीत. म्हणजे आईनं करायचं काय, तर काहीही नाही. आणि काहीही न करणं हे एकच काम असं आहे की जे मालिनीला आजवर जमलेलं नाही.

तिनं बॉक्स उचलला, आणि उचलल्या उचलल्या उलटा केला. मागचं लेबल वर आलं. कॅलरींचे छोटे छोटे आकडे. तिचा अंगठा ते झाकायला घाईघाईनं त्यांच्यावर गेला, जणू अंतरा इथेच उभी आहे... आणि मग तो अंगठा तसाच राहिला, कारण हे उलटणं — कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची पाठ बघणं — अंतरा घरात जे करते, दह्याचा डबा, ब्रेड, अगदी मेतकुटाची बरणीसुद्धा, हे हुबेहूब तेच होतं. तिनं ते कुठून उचललं असेल हा प्रश्न डाएटिशियननं विचारला नव्हता. बरं झालं.

सुवॉनला, त्या कोरियन शहरात राहताना, मालिनी कोरियन लिपी शिकली ती फक्त पाकिटांच्या मागची बाजू वाचण्यासाठी. भाषा नाही, लिपी. मांस, मासळी, त्या चिमुकल्या सुक्या माशांची पूड... माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे, आणि तिकडे मासा कशात असेल याचा नेम नाही, सूपमध्ये, लोणच्यात, मुलांच्या कुरकुऱ्यांत. म्हणून तिला तिथलं मोठं मार्ट आवडायचं. पांढरे दिवे, सरकते जिने, प्रत्येक वस्तूला पाठ आणि पाठीवर सगळं छापलेलं. अंतरा सीटवर बसून एकेक पाकीट तिच्या हातात द्यायची आणि विचारायची, "आई, मागे काय लिहिलंय?" मालिनी वाचायची आणि म्हणायची, चालेल. किंवा, नाही बाळा, हे घाण आहे. घाण हा शब्द तिचाच. आता नाकारून उपयोग नाही.

पण चामे मार्टात महाग, म्हणून वेशीजवळच्या जुन्या बाजारात जावं लागायचं. तिथे कशालाच लेबल नव्हतं. लाल प्लास्टिकच्या टोपल्यांत फळांचे वाटे लावलेले, आणि मागे बुटक्या स्टुलावर बायका. त्यातली एक म्हातारी, कुरळ्या केसांची, अंतराची दोस्त झाली होती. पिशवीत एक खरबूज वर घालायची, एक तिथेच सोलायची, फोड सुरीच्या टोकावर न देता आपल्या बोटांत धरून अंतराच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, आ! अंतरा आ करायची. म्हातारी म्हणायची, मानी मोगो, भरपूर खा. मालिनी शेजारी उभी राहून हसायची आणि त्या बोटांकडे डोळ्यांत तेल घालून बघायची.

आणि मग तो दिवस. म्हातारी डबा खात बसली होती. भाताची गुंडाळी, समुद्रशेवाळाच्या काळ्या पापुद्र्यातली, तिच्या गोल चकत्या. मी पैसे काढायला पर्समध्ये बघत होते... वर बघेपर्यंत अंतराचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि ती चावत होती इतक्या सुखानं की — डब्यातल्या उरलेल्या चकत्यांत मला मधोमध मांसाचा एक गुलाबी चौकोन दिसला. मी काही विचार केला नाही. एका हातानं तिचा जबडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं आणि घास बाहेर ओढला. ती उरलेला गिळायला बघत होती. मी ओरडले, थुंक! हनुवटीखाली तळहात धरला. थुंक, थुंक म्हणते ना! सगळा बाजार बघत होता. तिचा ओठ माझ्या नखानं फुटला होता, थोडंसं रक्त आलं होतं. म्हातारीनं डब्याला झाकण लावलं. त्यानंतर आम्ही चामे मार्टातूनच घेतली.

अंतराला हे आठवत नाही. तिला फक्त खरबूज आठवतं. निदान मालिनीला तसं वाटतं, आणि यावर विसंबून ती या दुकानात आली आहे, याची तिला आत्ता, बॉक्स छातीशी धरून उभी असताना, लाज वाटली. एका फळानं काय होणार आहे? आपल्या हातात काहीच नाही, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावरही पाय पैसे द्यायच्या रांगेकडे चालतच राहिले.

वाटेत चव दाखवायचं टेबल होतं. प्लास्टिकचे हातमोजे घातलेली एक वयस्क बाई, कागदी वाट्यांत भाताच्या काळ्या चकत्या. बाईनं एक टूथपिकवर टोचून पुढे केली. मालिनीची मान सवयीनं नाही म्हणायला हलली, यात काय आहे हे शब्दही जिभेवर आले... पण बाई "आ" म्हणाली, सहज, ही गिऱ्हाइकांशी रोजचीच थट्टा असावी — आणि मालिनीचं तोंड उघडलं.

तिळाचं तेल. गार भात. मग मऊ, किंचित गोड, चिवट असं काहीतरी. ते काय होतं ते तिला कळलं किंवा कळलं नाही, पण घसा बंद झाला. तिनं चावायचा प्रयत्न केला. घास वाढत गेला, सगळं तोंड त्यानं भरलं. बाई मान हलवून हसत होती. गिळावं, एवढीशी तर गोष्ट, जगातली सगळी माणसं गिळतात... घशाखाली काही उतरेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आई?"

अंतरा होती. बाहेर उकडत होतं म्हणून आली असेल, मोठ्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून. तिनं आईच्या गालांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ना कंटाळा आला ना राग. तिला सगळं समजलं होतं. या बाबतीत तिला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिनं टेबलावरचा कागदी रुमाल उचलला, उघडला, आणि मालिनीच्या हनुवटीखाली धरला.

"स्पिट इट आउट," ती हळू म्हणाली. "इट्स ओके, आई. यू डोन्ट हॅव टू."

इतक्या मायेनं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मालिनीनं मान हलवली, नाही. पण नाही म्हणजे काय, ते तिलाच ठरवता येईना. थुंकलं तर नाही खाल्लं तरी चालतं हे पोरीचं खरं होणार होतं, आणि गिळणं तर आता तिच्या हातात राहिलंच नव्हतं. ती तशीच उभी राहिली, एका हातानं बॉक्स घट्ट धरून, तोंडातला तो घास सांभाळत, आणि मुलगी रोज तिन्ही त्रिकाळ टेबलावर तिच्यासमोर कशात अडकून बसलेली असते ते तिला पहिल्यांदा आतून दिसत होतं. अंतराचा हात हनुवटीखाली होता. तो तिनं मागे घेतला नाही.