माथ्यावरचे चार ठोकळे

दुपारी पावणेबाराला बॉयलर चढाच्या मध्यावर थांबला.

कारण साधं होतं. पाववाल्याची गाडी गल्लीतून मागे न बघता मागे आली आणि धाकट्याला ब्रेक दाबावा लागला. पाववाल्याने हात वर करून माफी मागितली आणि तो निघून गेला. बॉयलर मात्र निघेना. धाकट्याने पुन्हा पुन्हा क्लच सोडून पाहिला. इंजिन किंचाळलं, चाकं जागच्या जागी फिरली, जळका वास वरच्या वळणापर्यंत गेला, आणि शेवटच्या खेपेला गाडी पुढे जायची ती वीतभर मागे आली. ट्रेलरच्या मागून चालणाऱ्या दादाने चाकांमागे लाकडी ठोकळे सारले.

"पुरे," तो म्हणाला.

वहिनी चढाच्या पायथ्याशी जुन्या ट्रकला टेकून हे पाहत होती. दादाची बायको म्हणून ती धाकट्याची वहिनी, पण अवजड सामान ओढण्याच्या या घरच्या धंद्यात ती इतकी वर्षं ट्रक चालवत होती की वाहतूक पोलीससुद्धा तिला वहिनीच म्हणत, आणि वहिनीच म्हणून दरडावत. ट्रकला घरात म्हातारी म्हणत. म्हातारीचे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, नव्वद. धाकट्याने तीन महिन्यांपूर्वी आणलेल्या नव्या पिकअपचे तीनशे. आल्या दिवशी त्याने तो आकडा इतक्या वेळा सांगितला होता की शेजारच्या आजींनी घोडे ठेवणार कुठे, असं विचारलं.

प्रश्न रास्त होता. आवारात दोन गाड्या मावत नव्हत्या. एक काढल्याशिवाय दुसरी निघत नसे, आणि रोज सकाळी कोणी कोणासाठी मागे घ्यायचं यावरून चहा गार होई. शेवटी काल जेवताना दादाने निकाल दिला. लॉन्ड्रीचा बॉयलर दुरुस्त होऊन नदीकाठच्या कारखान्यात पडला होता. जी गाडी तो चढावरून लॉन्ड्रीत पोचवेल, ती राहील. दुसरी संध्याकाळी विकत घेणारा येऊन घेऊन जाईल. घेणाऱ्याला दोन्हींतली कोणतीही चालणार होती.

वहिनीला मात्र तसं चालणार नव्हतं. नव्या गाडीची किल्ली धाकटा आंघोळीलासुद्धा बरोबर नेई. म्हातारी गेली की वहिनी पुन्हा आतल्या खोलीत, फोनच्या टेबलापाशी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने तिथेच काढली होती. गल्लीत शिरणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून मागे किती ओझं आहे ते ती खिडकीत न जाता सांगायची. एकदा सासऱ्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात किल्ली ठेवली. ते एकूणच बोलत नसत.

ती चढ चढून धाकट्यापाशी आली.

"तीनशे घोडे होते ना, भाऊजी? चरायला सोडलेत का?"

"टोमणे नंतर मार, वहिनी. पळती होती तोवर कशी चढत होती, पाहिलंस ना? पाववाल्याने घात केला."

"पाववाले असायचेच. रस्ता काय आपल्या एकट्याचा आहे?"

"तुझं आपलं सारखं टॉर्क, टॉर्क," धाकटा बॉनेट उघडत म्हणाला. "ओढायचा जोर गिअर लावून वाढवता येतो. घोडे नाही वाढवता येत. चढ किती वेगाने चढायचा ते घोडेच ठरवतात. म्हातारी ओढेल, मी कुठे नाही म्हणतो? पण पोचेल कधी?"

"आधी निघायला तर पाहिजे. तुमचे घोडे इंजिनाच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्यांशिवाय जागे होत नाहीत. तोवर क्लचचा कोळसा. म्हातारी झोपेतच जोर लावते."

दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे वाद मिटण्याची शक्यता नव्हती.

"क्रेन चारला जाणार," लॉन्ड्रीवाला म्हणाला. तो सकाळपासून बरोबर होता आणि एवढंच बोलत होता. लॉन्ड्रीच्या दारात भाड्याची क्रेन उभी होती. क्रेनवाल्याला चारनंतर दुसरं काम होतं, आणि क्रेनशिवाय बॉयलर ट्रेलरवरून उतरणार नव्हता.

नवी सोडवली, म्हातारी जोडली. वहिनीने सगळ्यात खालचा गिअर टाकला. हा गिअर माणसाच्या चालीचाही नव्हता, विचार करत चालणाऱ्या माणसाच्या चालीचा होता. तिने क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला जवळजवळ पायच लावला नाही. सुरुवातीला काही झालं नाही. साखळी ताणली गेली, म्हातारीचं नाक थोडं वर आलं, इंजिनाचा आवाज जाड झाला, आणि ठोकळे सुटून बॉयलर काहीही विशेष न घडल्यासारखा निघाला.

धाकटा नवी गाडी वर लावून परत आला आणि शेजारून चालू लागला. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई म्हातारीला ओलांडून पुढे गेल्या. ओलांडताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "बंद पडलीय का?"

"नाही, चाललीय," वहिनी म्हणाली.

"असं का," बाई म्हणाल्या, आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या.

माथ्यावर पोचायला एक वाजला. ट्रेलर नेमका माथ्यावर आला. माथ्यावर ओझं कोणत्या बाजूला मन वळवेल याचा भरवसा नसतो, म्हणून दादाने थांबायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंनी चार ठोकळे लावायला घेतले, दोन चाकांपुढे, दोन मागे.

इथून पुढचा रस्ता सपाट, पण लांब. एवढं ओझं घेऊन म्हातारी सपाटीवरही बैलाच्या चालीच्या वर जात नसे. धाकट्याने घड्याळ पाहिलं.

"आता माझी गाडी लाव, दादा. अर्ध्या तासात दारात उभा करतो. पळवण्यात तिचा हात कोण धरणार?"

"वर कोणी आणला?" वहिनीने कॅबमधूनच विचारलं.

"वर आणायचा नव्हता, पोचवायचा होता."

"आत्ता निघाले तर मीही पोचवते चारपर्यंत."

"चारला पाच कमी, वहिनी. तेही पाववाला आडवा आला नाही तर."

दोघांनी दादाकडे पाहिलं. दादा चौथा ठोकळा हातोड्याने घट्ट बसवत होता. त्याने तो बसवला, हातोडा खाली ठेवला, आणि उठला नाही.

"दादा?"

"कंबर," दादा जमिनीकडे बघत म्हणाला.

त्याला सरळ करता येईना. बसला होता तशाच घडीत दोघांनी त्याला उचलून नव्या गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवलं, आणि धाकटा त्याला दवाखान्यात घेऊन गेला. या कामी तीनशे घोडे उपयोगी पडले यात शंका नाही.

वहिनी म्हातारीत बसून राहिली. शेजारी लॉन्ड्रीवाला.

"आपण निघायचं ना?" त्याने विचारलं. दिवसातलं हे त्याचं दुसरं वाक्य.

"ठोकळे आहेत."

"मग काढू की. मी काढतो."

"ज्याने लावले त्यानेच काढायचे."

लॉन्ड्रीवाल्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिने त्याला सांगितलं. सासऱ्यांच्या वेळी एका मदतनिसाने दुसऱ्याने लावलेला ठोकळा काढला होता. ब्रेक ओढलेला असेल असं त्याला वाटलं. तो नव्हता. पिठाच्या गिरणीची जाती लादलेला ट्रेलर उतारावरून एकटाच निघाला आणि थेट एका न्हाव्याच्या दुकानात शिरला. न्हावी वाचला, गिऱ्हाईकही वाचलं, पण अर्ध्या दाढीनिशी पळालेलं ते गिऱ्हाईक पुन्हा त्या रस्त्याला दिसलं नाही. त्या दिवसापासून घरात हा एकच नियम होता. दादाने तो आयुष्यात मोडला नव्हता. धाकट्यानेही नाही.

"पण ते दवाखान्यात आहेत," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"हो."

"आणि क्रेन चारला जाणार."

वहिनीने दादाला फोन लावला.

"अहो, मी काढू का ठोकळे?"

पलीकडे दवाखान्यातला पंखा घरघरत होता. "हात लावू नकोस," दादा म्हणाला. "मी येतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आठवडाभर झोपून राहा म्हणतात."

तिने फोन ठेवला. म्हातारीचं इंजिन चालूच होतं. ठोकळ्यांना हात लावायची गरजही नव्हती. खालचा गिअर टाकून क्लच सोडला असता तर म्हातारी ठोकळ्यांवरून ट्रेलर चढवून घेऊन गेली असती, कुरकुरसुद्धा न करता. आणि त्याला काढणं म्हणता आलं नसतं. वहिनीने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. दांड्याच्या मुठीवर सासऱ्यांच्या तळव्याने पडलेला खळगा होता. तिचा तळवा त्यात कधीच नीट बसला नव्हता. ती समोर चार वाजता संपणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने हात मांडीवर घेतला.

अडीचच्या सुमाराला नवी गाडी परत आली. हौद्यात गादी होती आणि गादीवर दादा उताणा.

"ऐकत नाही म्हणाला," धाकटा म्हणाला. "डॉक्टरांचं तर नाहीच."

दादाला गादीसकट ट्रेलरशेजारी उतरवलं. नवी गाडी धाकट्याने म्हातारीच्या पुढे आणून लावली, मागचा हूक रिकामा, इंजिन चालू. वहिनी खाली उतरली आणि तिने दादाच्या डोक्याखाली आपली उशी सरकवली. सीटवर टेकायला ती एक उशी नेहमी बरोबर ठेवायची.

"कोणती गाडी, ते आधी ठरवा," ती म्हणाली.

"आधी ठोकळे," दादा म्हणाला. "हातोडा दे."

पडल्या पडल्या हातोडा मारायला जोर मिळत नाही. पहिला ठोकळा निघायला बराच वेळ गेला. धाकट्याने दुसऱ्याला हात पुढे केला तेव्हा दादाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने हात खिशात घातला. दोन निघाले, तिसराही निघाला.

एवढ्यात एक माणूस स्कूटरवरून चढ चढून आला. तो संध्याकाळी येणार होता, पण आवारात कोणी नाही म्हणून विचारत विचारत इथवर पोचला होता. तो गाडी घेणारा होता. त्याने म्हातारीभोवती एक फेरी मारली, मग नव्या गाडीभोवती, आणि शेवटी रस्त्यावर झोपलेल्या दादापाशी येऊन थांबला.

"मग?" त्याने विचारलं. "यातली माझी कोणती?"

दादाने हातोडा पुन्हा उचलला. सव्वातीन वाजले होते. दोन्ही इंजिनं चालू होती, म्हातारी ट्रेलरला जोडलेली होती, आणि चौथा ठोकळा, जो त्याने सगळ्यात घट्ट बसवला होता, हलत नव्हता.