जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव

ऑफिसात त्याला सगळे ‘होणारे साहेब’ म्हणत. आधी कौतुकाने, मग सवयीने, आणि शेवटची सहा वर्षं चक्क डिवचायला. अधीक्षकाची खुर्ची त्याच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर होती. तिच्यात येऊन बसला तो पोरगा, ज्याला साधी टिपणी लिहायला यानेच शिकवलं होतं. रजेचा अर्ज घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं आणि त्याने “बसा ना काका” म्हणायचं. त्या ‘काका’ने याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

घडलं होतं एवढंच, की बढतीची समिती बसली त्या दिवशी याची फाइल वर पोचलीच नव्हती. पुढची समिती ‘लवकरच’ बसणार होती. ती बसली तोवर हा निवृत्त होऊन घरी बसला होता. सरकारी ‘लवकरच’ म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तोच शब्द त्याने जन्मभर लोकांच्या तोंडावर फेकला होता.

मग त्याने भरपाईचा दावा लावला. खेटे घालून घालून चपला झिजवल्या. शेवटी कार्यालयाने उशीर कबूल केला आणि वर मेख मारून ठेवली. कागदोपत्री अधीक्षकपद मिळेल, फरकाची रक्कमही मिळेल. पण ज्याच्या टेबलावर फाइल अडकली त्याच्या पेन्शनमधून ती रक्कम कापली जाईल. आणि उशीर आपल्यामुळे झाला, असं त्या माणसाने सही करून द्यायला हवं.

“नाव माहीत असेलच तुम्हाला,” दाव्यांच्या टेबलावरची बाई फॉर्म सरकवत म्हणाली.

माहीत होतं. ऑफिसात सगळे ज्याला ‘तराजू’ म्हणत, तो. बढतीच्या फायली बघणारा कारकून, आणि नोकरीभर याच्या डब्यात हात घालून जेवलेला मित्र. तराजूचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता: जवळच्या माणसाची फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवायची. उगाच कोणी बोट दाखवायला नको. यालाही तेव्हा ते फार आवडायचं. “खालीच ठेव रे माझी,” असं तो मुद्दाम चारचौघांत म्हणायचा. दोघांनी मिळून प्रामाणिकपणाचा तोरा मिरवला, आणि गठ्ठा तळापर्यंत उपसायच्या आत समिती उठून गेली.

घरी बायको म्हणाली, “अहो, त्यांचं अर्धं अंग गेलंय. औषधपाणी पेन्शनवरच चालतं ना?”

“तू नव्हतीस उभी त्या पोरासमोर.”

त्याला पैसे नको होते असं नाही, पण त्याहून जास्त त्याला ते पद हवं होतं, मेल्यावर का होईना, नावामागे लागलेलं.

तराजू खिडकीपाशी पलंगावर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड, डोकं मात्र लख्ख. वहिनींनी त्याच्या पाठीशी उशी लावली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य याला आठवेना. त्याने सरळ कागद पुढे केला. तराजूने तो सवयीप्रमाणे दोनदा वाचला.

“‘निष्काळजीपणामुळे’ लिहिलंय. ते खोड. निष्काळजी मी कधीच नव्हतो.”

“छापील आहे ते. खोडलं तर परत पाठवतात.”

“हं. मीही पाठवलं असतं.”

इतक्या वर्षांचं साठलेलं मग याच्या तोंडून निघालंच. “एकदा वर ठेवली असतीस माझी, तर काय आकाश कोसळणार होतं?”

“तूच म्हणायचास, खाली ठेव.”

“म्हणायचं असतं रे ते. तू खरंच ठेवायची नसते.”

तराजू अर्ध्या तोंडाने हसला. “माझी तर तुझ्याही खाली होती.”

हे याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. तराजूही कारकून म्हणूनच निवृत्त झाला, आणि का, हे याने एकदाही विचारलं नव्हतं. तराजूने दावा लावला असता तर जबाबदार म्हणून नाव कोणाचं घातलं असतं? याला शरम वाटली, खरोखर वाटली. कागदाची घडी करून खिशात टाकता आली असती. वहिनींना काही कळलंही नसतं. चहा पिऊन दोघं जुन्या गप्पा मारत बसले असते.

त्याने खिशातून पेन काढलं, टोपण काढून ते मित्राच्या डाव्या हातात दिलं.

“डाव्या हाताची सही चालते?” तराजूने विचारलं.

“चालते. मी विचारून आलोय.”

तराजूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तो कागदावर वाकला. आतून वहिनींचा आवाज आला, “भावजी, साखर घालू ना?” याने हो म्हटलं. पांघरुणावर कागद सारखा सरकत होता, म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.