चौतिसावं नाव

सदतीस नावांची यादी पूर्ण करायला त्या दोघांना सहा वर्षं लागली. दोघं म्हणजे कप्तान आणि मास्तर. दोघंही लष्कराच्या बाँब निकामी करणाऱ्या पथकातून निवृत्त झालेले. कप्तानांचा डावा हात कोपरापासून नव्हता आणि मास्तरांना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्यामुळे रस्त्यानं जाताना कप्तान कायम मास्तरांच्या डाव्या बाजूला, आणि पिशवी कायम मास्तरांच्या खांद्यावर.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. पथकात नव्यानं येणाऱ्यांना बाँब कसा ओळखायचा, कुठून हात घालायचा आणि मुख्य म्हणजे कुठून घालायचा नाही, हे त्यांनी एकोणीस वर्षं शिकवलं, म्हणून मास्तर. यादीतले बावीस जण त्यांच्या हाताखालून गेलेले.

"मास्तर, तुमच्या शाळेचा निकाल काही बरा दिसत नाही," यादी वाचताना कप्तान एकदा म्हणाले होते. दोघंही हसले. 

या माणसांना स्मारक नव्हतं. लढाईत गेलेल्यांची स्मारकं असतात, पण ही माणसं लढाईत गेली नव्हती. कुणी शेतात गेला, कुणी पुलाखाली, कुणी रेल्वे फलाटावरच्या बेवारशी पेटीपाशी. एकेकटीच गेली, आणि पेपरात दोन ओळी येऊन संपली. म्हणून दोघांनी संस्था काढली. कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. रबराचा आणि ग्रीसचा वास जिन्यानं वर यायचा. शहरानं वाचनालयामागच्या बागेतला एक कोपरा दिला, तिथं काळ्या दगडाची भिंत उभी राहिली. पाथरवट दिवसाला दोन नावं कोरायचा, त्याहून जास्त नाही. "घाई केली तर अक्षराचा काना तुटतो," म्हणायचा.

मास्तरांची बायको गेली त्याच वर्षी हे काम सुरू झालं होतं. शेजारी म्हणायचे, बरं झालं, वेळ जातो. वेळ जात नव्हता. कार्यालय उघडायचं ते मंगळवारी आणि शुक्रवारी. ते दोन दिवस तेवढे जायचे. उरलेले पाच जागचे हलायचे नाहीत. मास्तर सकाळी पोळी-भाजी करायचे, दुपारी तीच, संध्याकाळी उरली तर तीच. जेवताना रेडिओ लावायचे आणि चांगला कान भिंतीकडे करून बसायचे, म्हणजे नुसतीच कुणीतरी बोलत असल्याची कुणकुण यायची. शब्द नको असायचे.

अनावरणाच्या दिवसासाठी कप्तानांनी एकच नियम केला होता: पुढाऱ्याचं भाषण नाही. प्रत्येक नाव त्याच्या घरचं माणूस पुढे येऊन वाचेल. त्यासाठी पत्रं गेली, फोन झाले. बायका आता आज्या झालेल्या. एका जवानाचा धाकटा भाऊ तो गेला तेव्हा पाळण्यात होता, त्यानं फोनवर विचारलं, "दादाचा आवाज कसा होता हो?" मास्तरांना सांगता आलं. आवाज त्यांच्या लक्षात राहायचे.

छत्तीस नावांना माणसं मिळाली. चौतिसाव्याला मिळेना.

त्याला पथकात सगळे शिट्टी म्हणायचे. अनाथाश्रमात वाढलेला, मागे-पुढे कुणी नाही. बाँबकडे जाताना तो हळू आवाजात शिट्टी वाजवत जायचा. दोनशे पावलांवर मागे थांबलेल्यांना ती ऐकू यायची, आणि थांबली की कळायचं, पोचला, आता काम सुरू. सव्वीस वर्षांपूर्वी कालव्याच्या खोदकामात एक जुना तोफगोळा सापडला. शिट्टी गेला, शिट्टी थांबली, वीस मिनिटांत त्यानं गोळा निकामी करून हात वर केला. त्याच्या खाली दुसरा होता. तो कुणालाच दिसला नव्हता. मास्तर मागे दोनशे पावलांवर उभे होते. त्यांचा कान त्या दिवशी गेला.

आश्रम केव्हाच बंद पडला होता. "तुम्हीच वाचा त्याचं नाव," कप्तान म्हणाले. "तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

"मी त्याचा घरचा नाही. मी त्याला पाठवणारा."

"मास्तर, आपण सगळेच पाठवणारे आणि पाठवलेले. किती दिवस तेच उगाळणार?"

 मास्तरांनी पथकाच्या भांडारात अर्ज टाकला. वारस नसलेल्यांचं सामान तिथं पडून राहतं, हे त्यांना माहीत होतं. दोन महिन्यांनी एक पत्र्याची पेटी आली. आत एक स्वेटर, दाढीचं सामान, बुटांचा जोड आणि एक पाकीट. पाकीट फोडलेलं नव्हतं. वर शिट्टीचं नाव, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता: एक शिलाईचं दुकान, बसनं चार तासांवरच्या गावातलं. अक्षर बाईचं वाटत होतं. पत्र तो गेल्यावर आलेलं असणार, आणि कुणीतरी ते सामानात टाकून पेटीला कुलूप लावलं असणार.

"उघडायचं?" कप्तानांनी विचारलं.

"आपलं नाही ते," मास्तर म्हणाले. "जिचं आहे तिला नेऊन देतो. दुकान असेल तर."

दुकान होतं. अरुंद, दोन मशिनं, एकावर खोळ घातलेली. दुसऱ्यावर पन्नाशीच्या पुढची एक बाई पॅंट उसवत बसली होती, ओठांत दोन टाचण्या. मास्तरांनी बसमध्ये चार तास वाक्यं जुळवली होती. ती सगळी स्मारकाबद्दल होती. त्यांनी आपलं नाव-गाव सांगितलं, पूर्वी पथकात होतो म्हणाले आणि पाकीट काउंटरवर ठेवलं.

बाईंनी टाचण्या काढल्या. आपलंच अक्षर ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग चेहरा कडक झाला.

"त्यांनी परत पाठवलंय? इतक्या वर्षांनी?"



"साधं उघडलंही नाही," पाकीट उलटंसुलटं करत त्या म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून: "कसे आहेत ते?"

 हिला माहीतच नाही. हा विचार मास्तरांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. नोकरीत असताना त्यांनी अशी बातमी चौदा घरी नेली होती, पण तेव्हा अंगावर गणवेश असायचा, सोबत आणखी एक अधिकारी असायचा, आणि गणवेश दारात दिसला की अर्धं काम झालेलं असायचं. आता अंगात कोपरावर विरलेला स्वेटर होता आणि खांद्याला पिशवी.

"बाई, जरा बसता का?"

"मी बसलेलीच आहे."

मग त्यांनी सांगितलं. कालवा, पहिला गोळा, दुसरा गोळा. त्रास झाला नाही, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं. बाईंनी फक्त तारीख विचारली. मास्तरांनी सांगितल्यावर त्यांनी पाकीट खिडकीकडे धरलं आणि टपालाचा शिक्का वाचला.

"म्हणजे मी हे टपालपेटीत टाकलं, तेव्हा ते दोन दिवस आधीच..."

"हो."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पॅंट न्यायला. बाई उठल्या, घडी करून दिली, कंबरेत अर्धा इंच सोडलाय, याहून जास्त कापड नाही, असं सांगितलं. गिऱ्हाईक गेलं. त्या परत बसल्या आणि दोन्ही हात मशीनवर ठेवून त्या हातांकडेच बघत राहिल्या.

"ते तेव्हा जवळच्या छावणीत होते. गणवेश आखूड करायला यायचे. अंगानं बारीक, कुठलाच गणवेश बसायचा नाही. मग बसलेलाही उगाच घेऊन यायला लागले." त्या हसल्यासारख्या झाल्या. "बदली झाल्यावर पत्रातून विचारलं. लग्नाचं. मी तीन आठवडे घेतले उत्तर द्यायला. उत्तराला काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, राग आला असेल. मग वाटलं, दुसरी कुणी भेटली असेल. मनातल्या मनात किती बोलले मी त्यांना. सव्वीस वर्षं मी त्या माणसाला वाईट समजत आले हो."

"पथकात त्याला शिट्टी म्हणायचे," मास्तर म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. शिट्टी का, तेही सांगितलं.

"माझ्यासमोर कधी वाजवली नाही."

"कामावर जातानाच वाजवायचा."

"घाबरायचे?"

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. "घाबरत असेल," ते म्हणाले. "आम्ही सगळेच घाबरायचो. त्याचं तेवढं ऐकू यायचं."

निघताना त्यांनी अनावरणाची तारीख सांगितली आणि नाव वाचायला याल का, असं विचारलं. बाईंनी मान हलवली.

"कुठल्या नात्यानं येऊ? तीन वर्षांनी माझं लग्न झालं. चांगला माणूस होता, दोन वर्षांपूर्वी गेला. लेक परगावी शिकतेय. तिला काय सांगू, कुणासाठी गेले होते म्हणून? आणि तिथं सगळ्यांच्या बायका, सगळ्यांची भावंडं. मी कोण?"

 परतीच्या बसमध्ये मास्तरांना वाटत राहिलं, आपण जायलाच नको होतं. एका बाईचा जुना राग होता, तोही काढून घेतला, आणि बदल्यात काय दिलं?

अनावरणाला दोनशे माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या, वाचनालयानं आपल्या दिल्या. एकेक जण पुढे येत होता. कुणी खणखणीत वाचलं, कुणी अडखळत. पाळण्यातल्या त्या भावानं, आता टक्कल पडलेल्या, नाव वाचून पुढे 'दादा' असं हळूच म्हटलं. तेहतिसावं नाव झालं. मास्तरांनी बागेच्या फाटकाकडे पाहिलं. एक म्हातारा आपल्या कुत्र्याला फिरवत चालला होता.  मग मास्तर उठले आणि त्यांनी नाव वाचलं. पूर्ण नाव, जे पथकात कुणीच कधी उच्चारत नसे. स्वतःचा आवाज त्यांना अर्धाच ऐकू आला.

कार्यक्रमानंतर सगळे आपापल्या माणसांबरोबर गेले. कप्तानांना न्यायला त्यांची सून आली होती. "या ना मास्तर, गाडीत जागा आहे," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, चालत जातो. गेले. घरी बूट काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आजचा दिवस कसा झाला, हे विचारणारं घरात कुणी नाही. सहा वर्षांत हे रोजच खरं होतं, पण आतापर्यंत सांगण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, बाई आल्या. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती. कप्तान त्या दिवशी दवाखान्यात गेले होते. मास्तरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"उघडलं मी," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतं तेच विसरले होते. मला आपलं वाटायचं, हो लिहिलं होतं. तसं नाही. लिहिलं होतं, हे काम सोडणार असाल तर हो." पदराच्या टोकाला एक दोरा लोंबत होता, तो त्यांनी तोडला. "तुम्ही त्यांचे मास्तर. खरं सांगा. सोडलं असतं?"

धीर देणारं उत्तर जिभेवर होतं. मास्तरांनी ते गिळलं.

"मला नाही वाटत," ते म्हणाले. "पण तुमचं पत्र त्यानं खिशात ठेवलं असतं. आणि तुम्हाला समजवायला सुट्टी टाकून आला असता. तेवढं मी खात्रीनं सांगतो."

 "बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "हो म्हणाला असतात तर मी आयुष्यभर त्या तीन आठवड्यांचा हिशेब करत बसले असते."

मग दोघं भिंतीपाशी गेली. ऊन होतं, दगड तापला होता. बाईंनी नाव शोधलं, तळहात पूर्ण टेकवला आणि चटका बसत असूनही उचलला नाही. मास्तर चार पावलं मागे थांबले. बाई काहीतरी बोलत होत्या. मास्तरांनी मान वळवली आणि ऐकू न येणारा कान त्यांच्याकडे केला.

बसला अर्धा तास होता. थांब्यावर बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "लेकीला सांगितलं मी. फोनवर. रागावेल वाटलं होतं. म्हणाली, आई, एकटी जाऊ नकोस, मी सुट्टीत येते, मग जाऊ. पण मला एकटीनंच यायचं होतं. तुमचं कोण आहे?"

"मुलगा आहे. लांब असतो. रविवारी फोन करतो."

"आज मंगळवार," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मधे ठेवला. थंड झालेली पोळी आणि बटाट्याची भाजी होती. दोघांनी वाटून खाल्ली. बाई दुकानातल्या मशीनबद्दल सांगत होत्या, दुसऱ्या मशीनचा पट्टा तुटलाय आणि तो आता कुठं मिळत नाही. मास्तर बाकावर जरा वळून बसले होते, चांगला कान त्यांच्या बाजूला करून, आणि शब्द न शब्द ऐकत होते.

बस आली. खिडकीची जागा मिळाली का, एवढं बघून ते निघाले. शुक्रवारी कप्तान आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, अगदी पट्ट्यासकट. मग दुकानातल्या सायकलवाल्याकडे तसला पट्टा मिळतो का, ते विचारायला खाली उतरले.