सातवी पेटी

नमितानं सहाव्या पेटीतला शेवटचा दगड उचलून सातवीतल्या पहिल्याच्या तोंडाशी लावला. बसेना. सातवीतला शेवटचा लावला, तर तो घट्ट बसला.

म्हणजे सातवी पेटी उलटी मांडली होती.

हेब्बाळच्या त्या शेडमध्ये बोअरमधून निघालेले दगडी दांडके, म्हणजे कोअर, खोलीप्रमाणे ओळीनं ठेवलेले. असल्या लोहखनिजाच्या खडकात ग्रॅनाइटकडे लाल गार्नेट आणि संगमरवराकडे हिरवट पायरोक्सीन, हा शिरस्ता. सातवीत तो फिरलेला दिसला, म्हणून नमितानं लिहिलं की इथं तप्त द्रव दुसऱ्यांदा शिरला. प्रबंधात नवं काय ते एवढंच. पाच वाजता तो द्यायचा होता आणि तीन वाजून गेले होते. आता कसला द्रव नि कसलं काय!

झाकणावरचा आकडा तिच्या वडिलांच्या, वेंकोबा अप्पांच्या हातचा. वेंकोबांची तीस वर्षं खाणकंपनीत कोअर मांडण्यात गेलेली. आपल्या हातून कधी इकडचं तिकडे झालं नाही, हे ते सोयऱ्याधायऱ्यांना ऐकवत. निवृत्त झाल्यावर लेकीच्या कामाला हौसेनं आले होते.

दार वाजलं. नमितानं घाईघाईनं सातवीवर झाकण सरकवलं.

"झालं का नमे? कॉफी आणलीय."

"झालं अप्पा. सुम्ने, उगीच बघत होते."

अप्पांनी तिच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. फ्लास्क खाली ठेवला, झाकण काढलं आणि एकेक दगड फिरवून उलट्या क्रमानं लावायला घेतला. एकाही दगडाचं तोंड त्यांनी जुळवून पाहिलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"गौरीच्या सणात कळलं. तू सरांना फोनवर सांगत होतीस, नवं सापडलं म्हणून. आनंदानं रडत होतीस. अय्यो, तेव्हा कसं सांगायचं? मग रोज म्हटलं, उद्या सांगू." त्यांनी शेवटचा दगड बसवला. "आणि मलाही लाज वाटली की."

"चार महिने, अप्पा."

"हूं."

तिला भयंकर राग आला. ओरडावंसं वाटलं. पण झाकण तर तिनंही सरकवलं होतं. तिनं सरांना फोन लावला.

"सर, प्रबंध आज देत नाही. सातवी पेटी उलटी मांडली गेलीय."

"कोणी मांडली?"

अप्पांनी हात पुढे केला. नमितानं क्षणभर फोन घट्ट धरला, मग त्यांच्याकडे दिला.

"नमस्कार सर," ते म्हणाले. "मी वेंकोबा. कोअर मांडणारा."