बँडची फळं

डॉक्टर सॉन्या रुडने टेबलावर कागद ठेवला, तेव्हा वर्लिन हेगस्टाडने आधी चष्मा पुसला आणि मग तो न लावताच खिशात घातला. आकडे बघायचे नसले की तो असंच करायचा. पण कागदावर आकडे नव्हतेच. चेहरे होते. शंभर छोटे गोल चेहरे, दहाच्या दहा ओळी.

"हे शंभर जण तुमच्यासारखे," डॉक्टर म्हणाली. "अडुसष्ट वर्षांचे, तुमच्याइतकंच कोलेस्टेरॉल, तुमच्याइतकाच रक्तदाब. गोळी घेतली नाही तर येत्या दहा वर्षांत यातल्या साधारण वीस जणांना हार्ट अटॅक नाहीतर पक्षाघात येईल. घेतली तर पंधरा जणांना."

"म्हणजे पाच वाचले."

"पाच वाचले. पंधरा जणांना गोळी घेऊनही व्हायचं ते झालं. उरलेल्या ऐंशींना तसंही काही होणार नव्हतं. आणि घेणाऱ्यांपैकी काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते. ते बहुतेक गोळी बंद केली किंवा बदलली की सावरतं."

"आणि यातला मी कोणता?"

"ते मला माहीत नाही, वर्लिन. कुणालाच नसतं."

"एवढी शिकलीस आणि एवढंच सांगता येत नाही?" वर्लिन म्हणाला. ही सॉन्या लहानपणी तो चालवायचा त्या शाळेच्या बसमधून जायची. एकदा बसमध्ये ओकलीही होती, त्यामुळे तिच्या पदव्यांचा त्याच्यावर फारसा वचक नव्हता.

त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको आर्डिस मात्र हसली नाही. वर्लिनचा थोरला भाऊ ऑर्लिन एकसष्टाव्या वर्षी गेला. पहाटे गाईंचं दूध काढायला गोठ्यात गेला तो नाश्त्याला आलाच नाही. त्या सकाळी केकची रिकामी थाळी परत द्यायला आर्डिस त्यांच्याकडे गेली होती, आणि गोठ्यात त्याला बोलवायला गेली ती तीच. त्या दिवसापासून वर्लिनला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिने कागदावरच्या त्या पाच चेहऱ्यांकडे पाहिलं आणि यातला एक आपला, असं ठरवूनच टाकलं.

परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. आर्डिस गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे ओळखण्याइतका वर्लिनचा चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला होता. औषधाच्या दुकानासमोर त्याने आपणहून गाडी थांबवली.

"घेतो गं बाई," तो म्हणाला. "तुझं हे असलं तोंड दहा वर्षं बघण्यापेक्षा गोळी परवडली."

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर बरे गेले. रोज रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल उतरलेलं निघालं आणि आर्डिसने तो कागद फ्रिजवर लावला, नातीच्या चित्रांच्या वर.

डिसेंबरात टर्टल फोर्ड गावात शाळेच्या बँडचा ट्रक येतो. मुलांना वसंतात कुठल्याशा स्पर्धेला जायचं असतं, त्यासाठी ती दारोदार फिरून टेक्सासच्या फळांच्या पेट्या खपवतात. नको म्हणायची टाप कुणाची? हेगस्टाडांची नात ब्रिटा तर त्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. वाजवायची म्हणजे, तिच्या आजोबांच्या मते, ट्रॉम्बोनला छळायची. आर्डिसने तीन पेट्या घेतल्या. आता एवढी फळं दोघांनी करायची काय? कुणाला द्यावीत तर शेजारी त्याच पेट्या, चर्चमध्ये त्याच पेट्या, न्हाव्याच्या दुकानातही खुर्चीखाली तीच पेटी. फेकून द्यायचं तर आर्डिसच्या हातून मेलं तरी झालं नसतं. मग रोज सकाळी ती मोसंबीसारखं एक मोठं फळ आडवं चिरायची, फोडी सुटतील अशी कडेने सुरी फिरवायची, वर साखर आणि मधोमध एक लालचुटुक चेरी ठेवून वर्लिनपुढे सरकवायची. तिला स्वतःला आंबटाने दात शिवशिवायचे, म्हणून ती खायची नाही.

"बँडसाठी," वर्लिन म्हणायचा आणि तोंड वाकडं करत खायचा.

जानेवारीत त्याचे पाय दुखायला लागले.

आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं खुर्चीतून उठतानाही. दुसऱ्या कुणाचे दुखले असते तर एवढं बिघडलं नसतं. पण वर्लिन गावाच्या कर्लिंग क्लबचा बर्फ राखायचा. कर्लिंगमध्ये बर्फावरून जड चपटे दगड सरकवतात, आणि नुसत्या गुळगुळीत बर्फावर ते नीट जात नाहीत. प्रत्येक सामन्याआधी पाठीवर फवारणीच्या पंपासारखी पाण्याची टाकी घेऊन, उलटं चालत, हातातली तोटी डोलवत बर्फावर बारीक थेंब शिंपडावे लागतात. ते गोठून दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून जातो. उलट्या पावलांचा वेग जरा चुकला की दाणे चुकले. वर्लिन हे बावीस वर्षं करत होता, आणि आसपासच्या चार गावांतले खेळाडू त्याचा बर्फ हाताने चाचपून बघून मान डोलवायचे. हा माणूस राहतो माझ्याकडे आणि नांदतो बर्फाशी, असं आर्डिस सगळ्यांना सांगायची. कौतुकानेच सांगायची.

पाय दुखतात म्हटल्यावर तिने घरात होतं ते सगळं केलं. शेक दिला, मलम चोळलं. पेटीतली मऊ पडत चाललेली फळं पिळून संध्याकाळी मोठा ग्लासभर रसही द्यायला लागली, अंगात ताकद यावी म्हणून. दुखणं वाढतच गेलं.

शेवटी गावच्या स्पर्धेच्या दिवशी व्हायचं ते झालं. दोन संघ काठाला उभे, वर्लिन बर्फाच्या दुसऱ्या पट्टीवर उलटा चालत येतोय, आणि मधेच त्याच्या मांड्यांनी दगा दिला. तो टाकीसकट बर्फावर बसला. टाकीतलं पाणी सांडून तिथल्या तिथे गोठलं आणि पट्टीवर हे एवढं टेंगूळ आलं. कुणी हसलं नाही. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं आर्डिसला काचेपलीकडून बघताना वाटलं.

घरी आल्यावर त्याने क्लबची किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. शेजारी गोळ्यांची बाटली आणून ठेवली.

"गोळी सुरू केली आणि पाय गेले," तो म्हणाला. "आता या दोघींतली एक या घरात राहील. तू म्हणशील ती."

"मी कशाला म्हणू? चुलीत गेला तुझा बर्फ. मला तू जिवंत हवायस."

"आणि मी खुर्चीत बसून हवामानाच्या बातम्या बघत मेलो तर ते चालेल?"

"ऑर्लिनलाही त्याच्या गाईच प्याऱ्या होत्या," आर्डिस बोलून गेली.

बोलल्याबरोबर तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. वर्लिनने टेबलावरची किल्ली उगीचच सरळ करून ठेवली. भावाचं नाव तो स्वतः कधी काढत नसे.

"ऑर्लिनला कुणी विचारलंच नाही," तो हळूच म्हणाला. "मला विचारलंय तुम्ही. चेहरेबिहरे दाखवून विचारलंय. मग मी काय म्हणतो ते ऐका तरी."

आर्डिसने फोन उचलला. तिने दुसऱ्या दिवशीची डॉक्टरची वेळ घेतली.

सॉन्याने त्याच्या मांड्या दाबून पाहिल्या, रक्त काढलं. स्नायूंना त्रास झाल्याचं रक्तात दिसत होतं, पण थोडाच. ती कपाळाला आठ्या घालून फाइल चाळत राहिली.

"इतके दिवस गोळी छान सोसली आणि आता हे. नवं काही सुरू केलंत? दुसरं औषध? कसली पूड, काढा?"

"काही नाही."

"खाण्यात बदल?"

"कसला बदल? ही मला गेली चव्वेचाळीस वर्षं तेच घालते."

"सकाळी काय घेता?"

"ओट्स. कॉफी. आणि बँडची फळं."

सॉन्याचं पेन थांबलं. "बँडची कोणती फळं?"

"कोणती म्हणजे? ग्रेपफ्रूट. तुझ्या घरी नाहीत का?"

"दोन पेट्या आहेत," सॉन्या म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मग बोटांच्या फटीतून बघत म्हणाली, "वर्लिन, ऑक्टोबरात मी तुम्हाला विचारलं होतं, ग्रेपफ्रूट खाता का. तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच खात. आम्ही कधी आणतच नाही," आर्डिस मध्येच ठासून म्हणाली. "ही तर बँडची आहेत."

हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं, खोलीत फिरलं आणि तिच्याच कानावर येऊन आदळलं. औषधाबरोबर आलेला कागद तिने पहिल्या दिवशी ओळ न ओळ वाचला होता. ग्रेपफ्रूट टाळा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आपल्या घरात ते येतंच कुठे, असं म्हणून तिने तो खणात ठेवून दिला होता. आणि डिसेंबरात जे दारात आलं ते तिच्या लेखी खाणं नव्हतंच मुळी. ती मदत होती.

"ही जी गोळी तुम्हाला दिलीय, तिचं आणि ग्रेपफ्रूटचं जमत नाही," सॉन्या समजावत म्हणाली. "त्या फळामुळे औषध शरीरात लवकर मोडत नाही, रक्तात साठत जातं. एका गोळीची कितीतरी पट होते. रोज किती खाता?"

"सकाळी एक," आर्डिस म्हणाली. "आणि संध्याकाळी ग्लासभर रस. पाय दुखायला लागल्यावर मीच सुरू केला. ताकदीसाठी."

सॉन्याने गोळी चार आठवडे बंद करायला सांगितली. पाय सुधारले की पुढचं बघू, म्हणाली. या फळाशी भांडण नसलेली दुसरी गोळी होती, कमी ताकदीची सुरुवात करता येत होती, काहीच न घेणंही चालणार होतं. चेहऱ्यांचा हिशेब तोच होता. ठरवायचं वर्लिनने होतं.

गाडीत बसल्याबरोबर आर्डिसला रडू फुटलं.

"रोज सकाळी," ती हुंदके देत म्हणाली, "रोज सकाळी मी तुला माझ्या हाताने..."

"चेरी घालून," वर्लिन म्हणाला.

"काय?"

"चेरी घालून दिलंस. बोलायचं तर सगळं बोल."

तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तोच दंड घट्ट धरून घर येईपर्यंत बसून राहिली.

पाय सुधारले. तिसऱ्या आठवड्यात तो जिना शीळ घालत उतरला. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा पाठीवर टाकी घेऊन उलटा चालू लागला, आणि पलीकडच्या गावच्या कप्तानाने बर्फ चाचपून मान डोलवली.

मग सॉन्याने लिहून दिलेल्या नव्या गोळ्यांची बाटली आली आणि न उघडता टेबलावर बसून राहिली. एक दिवस, दोन दिवस. आर्डिस तिच्याभोवतीचं टेबल पुसायची, बाटली उचलून पुन्हा तिथेच ठेवायची आणि ब्र काढायची नाही. ऐका तरी, असं तो म्हणाला होता ना? मग ती ऐकत होती. आर्डिस हेगस्टाड एखाद्या विषयावर नऊ दिवस गप्प राहिली, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. आतून मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. गोळी घेतली आणि पाय पुन्हा गेले तर? नाही घेतली आणि एके सकाळी तो नाश्त्याला आलाच नाही तर?

दहाव्या दिवशी सकाळी कॉफी ओतता ओतता तिचा बांध फुटला.

"नको घेऊस," ती म्हणाली. "मी घाबरते म्हणून तू तुझे पाय पणाला लावू नकोस. मी आपली ठरवून बसले होते, तू त्या पाचांतला आहेस म्हणून. तू ऐंशींतला असशील. पंधरांतला असशील. मला काय कळतंय? गोळी घेऊन तू नव्वद वर्षं जगलास तरी मला कधीच कळणार नाही, की ते गोळीने झालं की तसंच होणार होतं."

वर्लिनने कप खाली ठेवला.

"आर्डिस, लग्न झाल्यापासून तू माझ्या मागे लागलीयस. टोपी घालून जा. पायऱ्यांवर मीठ टाक. गाडीत घोंगडी ठेव. तलाव गोठल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नकोस. बरोबर?"

"मग? लागायचं नाही मागे?"

"यातल्या कशाने मी आजवर टिकलो, सांग."

"मला काय माहीत!"

"मलाही नाही. म्हणून मी कधी टोपी फेकून दिली?"

त्याने बाटली ओढली, झाकणाशी जरा झटापट केली, एक गोळी तळहातावर घेतली.

"पाय दुखले तर त्या दिवसापासून बंद. आणि तू अक्षर बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

"बोलशील."

"बोलेन," आर्डिसने कबूल केलं.

त्याने कॉफीच्या घोटाबरोबर गोळी गिळली. तिचे डोळे वाहत होते, आणि एरवी अशा वेळी ती नळ सोडून भांडी घासायला घ्यायची, तशी आज उठली नाही.

"मला तू हवायस," ती म्हणाली. "बाकी मला काही म्हणायचं नव्हतं कधी."

"माहीत आहे," वर्लिन म्हणाला. "टोपी घाल म्हणताना हेच म्हणायचीस. फक्त ओरडून."