उरलेल्या चपात्या

पहिली पंगत.
सासरे हैबतराव आणि नवरा किशोर. गरम चपात्या, वर इंद्रायणीचा भात. नांदे गावातल्या या घरात एके काळी भातच पोटभर असायचा. जमीन विकून भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, तशी चपाती रोजची झाली आणि भाताचं पातेलं लहान झालं.

दुसरी पंगत.
सासू गोजराबाई. पातेल्याच्या बुडाचा भात त्यांच्या ताटात.

तिसरीला पंगत म्हणत नाहीत.
पल्लवी, एकटी, ओट्याशी. उरलेल्या चपात्या.

डोंगरातल्या माहेरी ती नाचणी-तांदळावर वाढली होती, धडधाकट. इथं आल्यापासून पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, केस मुठीनं गळायचे. अंगात रक्त म्हणून नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गर्भ गेला. अंगारे झाले, उतारे झाले.
"म्हायेराहूनच कायतरी घिऊन आलीया," गोजराबाई हैबतरावांना सांगायच्या.

बावधनच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. गर्भ टिकत नाहीत तेही कदाचित त्यामुळंच. गहू बंद, जन्मभर. "एक घाससुद्धा नाही," त्यांनी किशोरला बजावलं. त्यानं मान डोलावली.

"आत्या, भात जरा जास्त टाकू का?" घरी आल्यावर पल्लवीनं विचारलं.
"तुज्यापुरता? येका घरात दोन चुली न्हाई मांडायच्या."
"चूल कुटं, पातेलं मोठं घ्यायचंय."
"आन ह्या चपात्या गटारात? आमी शिळंपाकं खाऊन मेलो व्हय?"
किशोरनं मोबाइलमधून मान काढली नाही. "खा एखादी. लगेच काय होतंय."

ती खात राहिली. पुन्हा दिवस राहिले. पुन्हा गर्भ गेला.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे पुरुष ताटावर बसले, आणि पल्लवी भाताचं पातेलं पुढ्यात घेऊन खाली बसली. स्वतःच्या ताटात भात ओढला.
"आधी आबांना वाढ," किशोर म्हणाला.
"चपात्या हायेत की. घ्या."
"आन भात?"
"उरला तर."

हैबतराव ताटावरून उठले. गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. पल्लवी जेवत राहिली, सावकाश, पोट भरेपर्यंत.

सासऱ्याच्या आधी सून जेवली, ही बातमी दिवस मावळायच्या आत शेजारच्या चांदे गावात पोचली. तिचे तीन गर्भ गेले, ही बातमी उंबरा ओलांडून कधी बाहेर पडली नव्हती.