बाइंडिंगचा कौल

आमच्या सौम्याला हिमाचलात नोकरी लागली. काम काय, तर पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावर चढायचं आणि घसरत खाली यायचं. खालीच यायचंय तर वर कशाला जातीस गं, असं मी इचारलं. मला ती जायला नकोच होती, आणि हे मी रोज भांडी आपटून सगळ्या हिंडलगा गावाला ऐकवत होते.

फळीला बूट अडकवायची जी कळ असते, तिला बाइंडिंग म्हणतात. पोरीनं दोन तऱ्हेच्या आणल्या होत्या, एक ठेवून एक परत करायची. हलकी चढायला बरी, टाच मोकळी राहती, पाय भरून येत न्हाईत. जड चढताना जीव काढती. पण उतारावर कितीबी जोरात सुटलं तरी बूट घट्ट धरून ठेवती, आणि वाईट पडलं तर आपणहून पाय सोडती. हलकीबी सोडती, पण तिचा तेवढा भरवसा न्हाय. पोरगी दोन्ही मांडीवर घेऊन बसायची. भाकरी करायला हाक मारली तरी उठायची न्हाय.

शेवटी आमचे मालक म्हटले, "रवळनाथाला कौल लावू." आमच्या घरात बोअर मारायची असू दे न्हायतर म्हैस घ्यायची असू दे, देवाला इचारल्याशिवाय पान हलत न्हाय. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. जी आधी पडंल, तो देवाचा शब्द.

"चालतंय," सौम्या म्हटली. "मला तर ठरवायलाच येईना."

"आणि देवानं कौलच दिला न्हाय तर जायचं न्हाय," मी म्हटलं. बापलेकीनं एकमेकाकडं बघितलं आणि व्हय म्हटलं. मी खुशीत शिरा केला.

देवळात भावकू गुरव अडून बसला. ह्यांना म्हटला, "मारुतीराव, मलाच कळलं न्हाय तर देवाला काय सांगू?" मग सौम्यानं देवळाच्या अंगणात बूट चढवले, जड कळीत पाय घातला आणि तिच्या आप्पाला फळी पिरगळायला सांगितली. ह्यांनी दातओठ खाऊन पिरगळली. खाड्‌कन बूट सुटला.

"मोडलं की हे," भावकू म्हटला.

"न्हाय मामा, सुटायलाच पाहिजे. न्हाय सुटलं तर गुडघा तुटतोय."

"मग बांधायचं तरी कशाला?"

"सुटायच्या आधी धरायला नको व्हय?"

भावकूनं मान डोलवली. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. आत जाऊन त्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, लेकरू परमुलखाला चाललंय. जड बरी असंल तर उजवी दे, हलकी बरी असंल तर डावी दे."

पाकळ्या जागच्या हलल्या न्हाईत. बाया घरी जाऊन कुकर उतरवून परत आल्या, तरी न्हाईत. मग भावकू म्हटला, "देवानं बर्फ बघितलाय कुठं? न बघितलेल्या वस्तूवर तो बोलणार कसा?" सगळ्यांना पटलं. आमचे मालक स्कूटर काढून बेळगावला गेले आणि मासळी बाजारातनं बर्फाची लादी घेऊन आले. तिला बांगड्याचा वास येत होता. भावकूनं गोमूत्र शिंपडून ती गाभाऱ्यासमोर ठेवली आणि हात जोडले. "देवा, हे असंच, पण डोंगरभर."

लादी वितळायला लागली, पाणी आमच्या पायाखाली आलं, आम्ही लुगडी सावरून बसलो. पाकळ्या तशाच. मी जिंकले होते.

मग माझं लक्ष सौम्याकडं गेलं. वाटलं, रुसली असंल. तर ती लादीजवळ बसून बर्फावर तळवा ठेवून होती, हात लाल झाला तरी काढंना. ही थांबायची न्हाय. औंदा थांबली तर पुढल्या वर्षी न सांगता जाईल, आणि हाताला लागंल ती कळ लावून जाईल.

"भावकू घामानं भिजलाय बघा," असं म्हणत मी उठले. देवळातला पंखा उचलून त्याचं तोंड देवाच्या उजव्या खांद्याकडं केलं आणि बटण दाबलं. उजवी पाकळी भुर्रकन उडाली. भावकूनं पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "वाराबी त्याचाच," म्हणून त्यानं नारळ फोडला.

घरी येताना सौम्या माझ्या बाजूनं चालत होती. "आई, पंखा तू लावलास."

"व्हय."

"तुला तर मी जायला नको होते न्हवं?"

"आताबी जायला नकोच हाईस," मी म्हटलं. "पण ते गुडघे मी दिलेत तुला. जडच घालायची."